नळाच्या पाण्याची कैफियत

उन्हाळा चढू लागला की बेळगावच्या मराठी वृत्तपत्रांत एक आकडा नेमाने छापून येतो. तो म्हणजे राकसकोप जलाशयाची पातळी. पूर्ण भरलेल्या जलाशयाची पातळी 2475 फूट. त्यातून आजवर किती फूट पाणी उतरले, गतसाली याच तारखेला स्थिती काय होती आणि आता किती दिवसांची बेगमी शिल्लक आहे, याचा तपशील पानपट्टीच्या दुकानापासून वकिलांच्या बाररूमपर्यंत सर्वांना मुखोद्गत असतो. मार्कंडेय नदीवरील या तलावात आणि घटप्रभेवरील हिडकलच्या धरणात पाणी किती आहे याविषयीची ही आस्था सर्वथैव स्तुत्य होय. परंतु तेच पाणी शहापूर-वडगावच्या अगदी टोकाच्या गल्लीत पोहोचते तेव्हा त्यात जंतुनाशक क्लोरिनचा अंश उरलेला असतो की नाही, आणि त्या गल्लीतील नळाखाली धरलेल्या बाटलीत विष्ठाजन्य जंतू सापडतात की नाही, हा आकडा त्याच वृत्तपत्राच्या कोणत्याही कोपऱ्यात नेमाने येत असल्याचे आमच्या पाहण्यात नाही. निपाणीतही तीच तऱ्हा. जवाहर तलाव सांडव्यावरून वाहू लागला की गावाला हर्ष होतो, यमगर्णीपाशी वेदगंगेचे पात्र कोरडे पडले की गाव चिंतातुर होते. पाण्याच्या मापाचा जमाखर्च असा चोख आणि गुणाचे दप्तर मात्र मिटलेले, या विषमतेतूनच नळाच्या पाण्याविषयीचे आपले बहुतेक भ्रम जन्मास आले आहेत, असे आमचे प्रतिपादन आहे.

त्यांतील पहिला भ्रम जुन्या विहिरीच्या अभिमानातून येतो. ‘आमच्या आजोबांनी विहिरीचे पाणी पिऊन नव्वदी गाठली, नळाला औषधाचा वास येतो, तो पोटात कशाला घालावा?’ असे म्हणणारे सद्गृहस्थ प्रत्येक गल्लीत भेटतात. नव्वदी गाठलेले आजोबा साक्ष देण्यास हयात राहिले. पटकीच्या साथीत तिसऱ्या वर्षी गेलेली त्यांची भावंडे साक्षीला येऊ शकत नाहीत, एवढाच या युक्तिवादातील दोष आहे. टिळकवाडीतील काँग्रेस विहिरीविषयी कोणाही बेळगावकराला आदर वाटावा हे योग्यच. 1924 सालच्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अधिवेशनातील प्रतिनिधींची तहान भागविण्यासाठी ती खोदली गेली. पण तेव्हा तिच्या भोवती मोकळे रान होते आणि आज दाट वस्ती आहे. वस्तीबरोबर शौचकूप आले, गटारे आली, आणि जमिनीतून झिरपणारे पाणी इतिहासाची भीडमुर्वत धरीत नाही. विहीर राखावी, उपसावी, धुण्याभांड्याला आणि बागेला तिचे पाणी अवश्य घ्यावे. मात्र परीक्षेवाचून ते पिण्यास योग्य मानणे हा श्रद्धेचा गैरवापर होय.

नितळपणाला प्रमाण मानणारा पक्षही याच कुळातला. 1955 च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचे पात्र हलले, नजफगढ नाल्याचे मैलापाणी वजीराबादच्या उपसा केंद्रापर्यंत पोहोचले आणि तुरटी, गाळणी व क्लोरिन या तिन्ही संस्कारांतून गेलेले, दिसण्यात निर्दोष असे पाणी घराघरांत वाहिले. त्यातून काविळीचे सुमारे 29 हजार रुग्ण झाले. राजधानीत, प्रशिक्षित अभियंत्यांच्या डोळ्यांदेखत जे घडले ते तालुक्याच्या गावी घडणार नाही अशी हमी डोळ्यांच्या भरवशावर कोणी द्यावी? नाकाची गोष्ट तर उलटीच आहे. ज्या वासाला कंटाळून गृहिणी हंडा बाजूस सारते तोच वास, प्रमाणात असेल तर, त्या पाण्याच्या बाजूचा एकमेव जिवंत साक्षीदार असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या 2012 च्या प्रमाणकानुसार नळाच्या तोंडाशी दर लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन शिल्लक राहावा, विषाणूंचे भय असेल तेथे 0.5 असावा, आणि शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठाजन्य जंतू एकही सापडू नये. यांपैकी क्लोरिन उरला आहे की नाही हे कळण्यास प्रयोगशाळाही लागत नाही. काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे चार थेंब टाकावेत. पिवळी छटा आली तर क्लोरिन आहे, न आली तर नाही. सीमेपलीकडच्या महाराष्ट्रातील खेडेगावांत ग्रामपंचायतीचे शिपाई टीसीएल ही क्लोरिनयुक्त पावडर टाकून ‘ओटी’ची (ऑर्थोटोलिडिनची) ही परीक्षा वर्षानुवर्षे करीत आले आहेत.

दुसरा पक्ष अधिक आधुनिक, म्हणून अधिक धोकादायक आहे. नळावर विश्वास ठेवण्याचे दिवस गेले, आता घरी आरओ यंत्र बसवावे किंवा चौकातील शुद्ध पाण्याच्या केंद्रावर नाणे टाकून वीस लिटरचा कॅन भरून आणावा, असे हा पक्ष सांगतो. जेथे बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड वा क्षार मर्यादेबाहेर आहेत तेथे या यंत्राचा उपयोग निर्विवाद आहे. पण वेदगंगा उगम पावते ती भुदरगडच्या डोंगरात, पाटगावच्या धरणातून ती खाली उतरते. मार्कंडेयही सह्याद्रीच्या पावसावरच पोसलेली. अशा पाण्यात क्षार मुळातच अल्प. लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले घटक प्रमाणकाला मान्य आहेत, आणि त्याहून कमी क्षार असतील तेथे आरओच्या वापरास मनाई करावी असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये सरकारला दिला होता. सबब, ज्या व्याधीचा येथे उपद्रव नाही तिच्यावर हे महागडे औषध आहे, आणि त्या औषधापायी शुद्ध पाण्याच्या बरोबरीने किंवा त्याहून अधिक पाणी मोरीत सोडून द्यावे लागते. शिवाय यंत्रातून निघालेल्या पाण्यात क्लोरिन नावालाही उरत नाही. ते न धुतलेल्या कॅनमध्ये भरले, सायकलवरून घरी आणले, त्यात लहान मुलाने हातासकट पेला बुडविला, तर त्याचे रक्षण करण्यास काहीच शिल्लक नसते. परंतु आमचा खरा आक्षेप याहून निराळा आहे. गावातील बोलकी, वजनदार आणि कचेरीत ज्यांच्या अर्जाची दखल घेतली जाते अशी माणसे एकदा कॅनवर गेली म्हणजे नळाच्या पाण्याविषयी तक्रार करणारा उरतो तो केवळ कॅन न परवडणारा माणूस, आणि त्याची तक्रार आवक-जावक बारनिशीत नोंदली जाऊन तेथेच मुरते.

आता तिसरा पक्ष. हा नदीला दोष देतो, आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे हे प्रथमच मान्य केले पाहिजे. निपाणीपासून तासाभराच्या वाटेवर असलेल्या इचलकरंजीत 2012 च्या उन्हाळ्यात काविळीची जी साथ पसरली, तीत माणसे दगावली आणि पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न ऐरणीवर आला. बेळगावातील बळ्ळारी नाल्याची अवस्था शेतकऱ्यांनी अनेकवार वेशीवर टांगली आहे. नद्या स्वच्छ व्हाव्यात याविषयी दुमत संभवत नाही. तथापि नदी निर्मळ झाली की नळ आपोआप निर्मळ होईल, हे अनुमान मात्र आम्हाला सर्वथा अमान्य आहे. कारण शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी आणि घागरीत पडलेले पाणी यांच्यामध्ये कित्येक मैलांची जी नळी आहे, तिच्या आत दिवसाचा बहुतांश काळ पाणी नसते, हे या पक्षाच्या ध्यानी येत नाही.

नळी रिकामी असणे म्हणजे काय, ते एकदा जवळून पाहावे. काही दिवसांआड, तासदोन तास पाणी सुटणाऱ्या जुन्या गल्लीत दाब इतका क्षीण असतो की ओट्याइतक्या उंचीच्या नळाला धार येत नाही. म्हणून लोक दारापुढे हातभर खड्डा खणतात आणि नळाचे तोंड त्यात उतरवितात. खड्ड्याच्या कडेला उघडे गटार वाहत असते. घागरी भरताना सांडलेले, पाय धुतलेले, गटारातून पाझरलेले असे सगळे पाणी त्या खड्ड्यात साचते, त्यावर शेवाळाची साय धरते आणि नळाची तोटी, तिला तोटी असलीच तर, त्यात बुडून राहते. व्हॉल्व्हमनने तिकडे चावी बंद केली की मुख्य नळीतले पाणी उताराकडे निघून जाते, मागे पोकळी निर्माण होते आणि खड्ड्यातले पाणी मुकाट्याने नळात ओढले जाते. त्यात शेजाऱ्याने नळालाच मोटर जोडली असेल तर हे ओढणे पाणी चालू असतानाही घडते. आणि नळीला जेथे जेथे चीर, गंजलेला सांधा वा बेकायदा जोड असेल तेथे तेथे मातीतला ओलावा आत येतो. पुढच्या खेपेस पाणी सुटते तेव्हा आधी नळ फुसफुसतो, मग तांबूस गढूळ पाणी येते. अनुभवी बाई पहिल्या दोन घागरी ओतून देते आणि तिसरी भरून घरात नेते. तिच्या डोळ्यांना तिसरी घागर स्वच्छ दिसते. केंद्रात मोजून मापून घातलेला क्लोरिन या मार्गावरच्या घाणीशी झुंजताना केव्हाच खर्ची पडलेला असतो.

हा आमचा तर्कविलास नव्हे. आपल्याच शेजारी हुबळी-धारवाडमध्ये काही प्रभागांना अखंड चोवीस तास आणि उर्वरितांना काही दिवसांआड, असा पाणीपुरवठा एकाच काळी चालू असताना एमिली कुम्पेल आणि कारा नेल्सन या संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचे नमुने तपासले. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार खंडित पुरवठ्याच्या नळांतील 31.7 टक्के नमुन्यांत ई. कोलाय आढळला, अखंड पुरवठ्याच्या नळांत 0.7 टक्के नमुन्यांत. गाव एकच, फरक होता तो नळी सतत भरलेली असण्याचा. प्रतिपक्षाच्या हाती एक शस्त्र आम्ही स्वतःच देतो: त्याच शहरात झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात लहान मुलांच्या हगवणीचे एकंदर प्रमाण अखंड पाण्यामुळे घटल्याचे दिसले नाही. हगवणीला अन्न, हात, माश्या अशा अनेक वाटा असल्यामुळे त्यात आश्चर्य नाही. पण त्याच अभ्यासात विषमज्वराचे प्रमाण कमी आढळले, आणि गरीब घरांतील मुलांची रक्ती हगवणही कमी आढळली. शस्त्र उचलणाऱ्याने त्याची दुसरी धारही पाहावी.

बेळगावातही जागतिक बँकेच्या कर्जातून काही प्रभागांत 2008 पासून अखंड पाणी आले. त्या वेळी ‘चोवीस तास पाणी ही धनिकांची चैन, त्यात पाणी वाया जाणार’ असा जो गजर झाला तो अद्याप पूर्णतः शमलेला नाही. वस्तुस्थिती पाहता, पाणी पुन्हा केव्हा येईल याचा भरवसा नसलेले घरच पिंप, बंब, हौद, संप, बादल्या सारे काठोकाठ भरून ठेवते आणि नवे पाणी आले की शिळे म्हणून ओतून देते. चैनीचे म्हणाल तर, निपाणीतील विडी वळणाऱ्या बाईला विचारावे. तिची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. नळाला पाणी केव्हा येईल याची वाट पाहत ती सूप बाजूला ठेवून बसते तेव्हा त्या न वळलेल्या विड्यांची किंमत कोणत्याही पाणीपट्टीच्या पावतीवर लिहिली जात नाही. तिने धनिकाहून स्वस्त पाणी घेतले असे म्हणण्यास कोणता हिशेबनीस धजेल? मीटरचे दर गरिबाला झेपतील असे ठेवावेत, खासगी ठेकेदारावर नगरपालिकेचा अंकुश राहावा, या मागण्या रास्त आहेत आणि आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत. मात्र त्यांच्यासाठी नळी रिकामी ठेवण्याचे कारण नाही.

राहिला सीमाप्रश्न. 1956 च्या नोव्हेंबरपासून या भागात कोणताही विषय त्याच्या सावलीबाहेर जाऊ शकलेला नाही, आणि पाणीही गेलेले नाही. वेदगंगेचे पाणी महाराष्ट्रातील धरणातून सुटते आणि कर्नाटकातील नगरपालिका ते उपसते. पाणी उतरले की एकीकडून मुंबईकडे आणि दुसरीकडून बेंगळुरूकडे बोट दाखविले जाते, आणि मधल्या मध्ये गल्लीतल्या फुटक्या नळीचा जाब कोणालाच द्यावा लागत नाही. आमच्या मराठी पुढाऱ्यांना नम्रपणे सुचवावेसे वाटते की भाषेच्या हक्काचा एक अत्यंत उपयुक्त आणि बिनतोड उपयोग येथे त्यांची वाट पाहत आहे. ज्या स्थानिक क्षेत्रात भाषिक अल्पसंख्याक शेकडा 15 वा अधिक असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात, हे तत्त्व मान्य होऊन अनेक दशके लोटली. दुकानाच्या पाटीवरून जेवढे रण माजते त्याच्या चतुर्थांश जोर लावून प्रत्येक प्रभागात एक फलक मागावा: कन्नड आणि मराठी दोन्हींत, त्यावर आठवड्याची तारीख, पाण्याच्या वाटेवर शेवटी येणाऱ्या नळाशी मोजलेला क्लोरिन, जंतुपरीक्षेचा निकाल, आणि ज्याने नमुना घेतला त्या कर्मचाऱ्याची सही. टाकीशी घेतलेला नमुना या फलकावर चालणार नाही. टाकीचे पाणी कोणी पीत नाही.

यावर कचेरीतून येणारे उत्तर आम्हाला ठाऊक आहे: असे आकडे उघड केल्यास जनतेत घबराट माजेल. घबराटीचा विचार करताना इचलकरंजीचा उन्हाळा आठवावा. काविळीचा जंतू शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत कित्येक आठवडे जातात. म्हणजे दवाखान्यांत रांगा लागल्या तेव्हा ज्या पाण्याने त्या लावल्या ते पाणी पिऊन झालेले होते. फलकावर क्लोरिनचा आकडा शून्य दिसताच त्या दिवशी गल्ली पाणी उकळून पिईल, गरोदर स्त्रियांसाठी तर अवश्यच उकळील, कारण हेपॅटायटिस ई ही काविळीची जात त्यांच्या जिवावर बेतते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चार माणसे नगरपालिकेत जाऊन कोणता व्हॉल्व्ह, कोणता सांधा, कोणत्या घरची मोटर, असे नाव घेऊन विचारतील. मोटर कदाचित विचारणाऱ्यांपैकीच एकाची निघेल, तर ती त्याला काढावी लागेल.