दुसऱ्याच्या तीर्थाची वाट दाखवताना



यंदा क्षमावणी झाली आणि पुढच्याच आठवड्यात मी वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत वाट दाखवायला उभी राहिले. हे कळल्यावर मंदिरात दोघी-तिघींनी मला बाजूला घेतले. एक म्हणाली, "काकू, दहा दिवस उपवास केलेत आणि आता हे मिथ्यात्व कशाला?" तिच्या प्रश्नात खोच नव्हती, काळजी होती. म्हणून उत्तर नीट द्यावेसे वाटते.

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत वसईकडच्या एक ख्रिस्ती ताई राहतात. मराठी आमच्याइतकेच, किंबहुना जास्त गोड. गेली अनेक वर्षे त्या जत्रेत एक दिवस सेवा द्यायच्या. चुकलेल्यांना रांग दाखवायची, म्हाताऱ्यांना बसवायचे, पाणी कुठे ते सांगायचे. यंदा गुडघ्यांनी दगा दिला. "अगं, तिथे येणाऱ्या निम्म्या बायका मराठी बोलणाऱ्या. त्यांना सांगायला कोणीतरी हवं. तू जाशील?" वीस वर्षांपूर्वी माझे यजमान अतिदक्षता विभागात असताना आमच्यासाठी चौविहाराच्या आत, कांदा-लसूण न घालता डबा करून देणाऱ्या याच ताई. नाही म्हणायला जीभ वळली नाही.

सकाळच्या लोकलने दादर, तिथून वांद्रे, पुढे जत्रेसाठी सोडलेली बेस्टची बस. सूर्यास्ताआधी जेवायचे म्हणून डबा बरोबर होता. ताईंनी वहीत दोन पाने माहिती लिहून दिली होती, ती मी परीक्षेसारखी पाठ केली. आजचे चर्च 1904 सालचे, त्याला बॅसिलिकाचा दर्जा मिळाला 1954 साली. आधीचे प्रार्थनास्थळ मात्र कितीतरी जुने, पोर्तुगीज काळातले. कोळी लोक या माउलीला मोत मावली म्हणतात. टेकडीवर चढणाऱ्या जुन्या पायऱ्या बोमनजी नावाच्या पारशी गृहस्थाने बांधून दिल्या. आणि पूर्वी माहीमहून वांद्र्याला नावेतून यावे लागे. त्या खाडीवरचा रस्ता 1845 साली खुला झाला तो लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या 1 लाख 57 हजार रुपयांमुळे. त्याही पारशी. या दोघांचा धर्म त्यामुळे बुडाला असे कोणी म्हणत नाही. त्यांच्या पैशाने झालेल्या वाटेवरून सगळ्या धर्मांची माणसे आजही चालतात.

पण माझा प्रश्न एवढ्यावर सुटत नव्हता. आपल्या शास्त्रात कृत, कारित आणि अनुमोदन, तिन्हींचा बंध सांगितला आहे. स्वतः करणे, करवून घेणे आणि कोणी केले त्याला मान डोलावणे. मग मेणबत्तीची दुकाने कुठे हे सांगणे अनुमोदन नाही का?

दुपारी कल्याणहून आलेली एक सासू तिच्या सुनेला घेऊन माझ्यापाशी आली. जत्रेत मेणाची बाळे, हात, पाय, घरे मिळतात. ज्याला जे हवे ते तो वाहतो. सासूने विचारले, "बाई, मेणाचं बाळ वाहिलं की नक्की होतं ना?" सुनेने मान खाली घातली. हो म्हणाले असते तर असत्य. नाही म्हणाले असते तर दुसऱ्याच्या दारात उभे राहून त्याच्या श्रद्धेला लाथ. मी म्हटले, "ते मला सांगता येणार नाही. रांग इथून आहे, तासभर लागेल. पण सूनबाईला आधी सावलीत बसवा, तिला पाणी द्या." सून पाण्याचा ग्लास घेऊन पायरीवर बसली आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "सकाळपासून कोणी बस म्हटलं नव्हतं."

त्या क्षणी मला उत्तर मिळाले. वाट दाखवणाऱ्याने वाट दाखवावी, फळाची हमी देऊ नये. मी बी. कॉम. झालेली बाई; ज्या रकमेची पावती आपल्याकडे नाही ती हिशेबात धरायची नाही, हे मला कळते. मी मेणबत्ती विकत घेतली नाही, कोणाला घ्यायला लावली नाही, आत जाऊन हात जोडून नवसही बोलले नाही. तहानलेल्याला पाणी देणे आणि थकलेल्याला बसवणे यात मात्र अनुमोदन असलेच तर ते करुणेचे आहे.

आणि जरा आपल्या घरातही डोकावू. आपण हुमचाला पद्मावती मातेपुढे काय मागतो? मुलाची नोकरी, मुलीचे लग्न, सुनेचे बाळ. जैन तत्त्वात देव काही देत नाही, कर्मच फळते, हे तोंडपाठ असूनही मागतो. तिथल्या कार्यकर्त्याने आपल्याला कधी हटकले आहे का? तो खोली दाखवतो, भोजनशाळेची वेळ सांगतो. त्या सासूला हसण्याचा अधिकार मला नाही.

अनेकांतवाद पर्युषणाच्या व्याख्यानात ऐकायला फार सोपा आहे. उन्हात, दुसऱ्याच्या दारात उभे राहिल्यावर तो कठीण जातो. माझे सम्यक्त्व एवढे कच्चे असेल की टेकडी चढताच गळून पडेल, तर दोष टेकडीचा नाही.

तरी एक अट मी स्वतःला घातली आहे. ज्या दिवशी तिथे उभी राहून "नक्की होतं हो" असे तोंडून निघेल, त्या दिवसापासून जाणे बंद.

संध्याकाळी परत आल्यावर ताईंना वही दिली. त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मी बरी असेन तर आपण दोघी जाऊ." मी हो म्हटले. एकीने रांग सांभाळावी, एकीने पाणी.

जय जिनेंद्र.