सुरीला एवढे पैसे?

परवा एका मित्राच्या नव्या फ्लॅटवर जेवायला गेलो होतो. मॉड्युलर किचन, खर्च दोन लाखांच्या वर (आकडा त्यानेच सांगितला, मी विचारला नव्हता). चिमणी अशी की चालू केल्यावर विमान उडणार असं वाटावं. आणि या सगळ्या थाटात वहिनी कोशिंबिरीसाठी टोमॅटो चिरत होत्या. चिरत कसल्या, टोमॅटोशी कुस्ती खेळत होत्या! हातात पिवळ्या प्लास्टिकच्या मुठीची, पातळ, मधेच वाकलेली सुरी. तुम्हालाही माहीत आहे ती. तुमच्याही घरात आहे ती.

मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे, एक बरी सुरी आण ना घरात."

"सुरीला एवढे पैसे? कापते की ही!"

आता गंमत अशी, की हे वाक्य मीही बोललेलो आहे. शब्दशः हेच. म्हणून मित्रावर ओरडायचा अधिकार मला नाही, पण इथे लिहायचा आहे, तो बजावतो.

२०१९ सालची गोष्ट. आई लाल भोपळा चिरत होती. ज्यांनी चिरलाय त्यांना ठाऊक आहे, हे काम नाही, युद्ध आहे. सुरी बोथट, म्हणून आईने वरून जोर लावला, सुरी सालीवरून सटकली आणि डाव्या तळहातात घुसली. पाच टाके पडले. परत येताना रिक्षात आई एवढंच म्हणाली, "मी तुला दिवाळीच्या आधी सांगितलं होतं, या सुरीचं काहीतरी बघ." सांगितलं होतं. दोनदा. आणि मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो होतो, "कापते की."

त्या सुरीने मी आयुष्यात कधी काही कापलेलं नव्हतं. मुद्दा हाच आहे, मंडळी. आपल्या घरांत सुरी वापरणारं माणूस एक आणि सुरीवर किती खर्च करायचा हे ठरवणारं दुसरं. ज्या घरात बाबा रोज कांदा चिरत असते, त्या घरात दहा वर्षं बोथट सुरी टिकली असती का? दुसऱ्याच दिवशी नवी आली असती, वर तिचं कौतुकही झालं असतं.

"धारदार सुरी नको बाई, हात कापेल" हे तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं ज्ञान. साफ चूक. धारदार सुरी तुम्ही नेता तिथे जाते. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेली वस्तू सटकली की कुठे जाईल हे तिचं तिला माहीत. कांद्याचंही तेच. २०२५ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी कांदा कापताना उडणाऱ्या थेंबांचा अभ्यास केला. पातं बोथट असेल तर थेंब जास्त आणि जोरात उडतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे आयांनी इतकी वर्षं जे डोळे पुसले त्यातला काही वाटा कांद्याचा नव्हताच. असो.

मला वाटतं, घोळ विळीपासून सुरू झाला. विळीला नावं ठेवू नका हां! पाट पायाखाली दाबलेला, पातं स्थिर, भाजी दोन्ही हातांत आणि अंगाचा भार कामाला. वर खोबरं खवायची सोय. बंगाल्यांची बोटीही याच जातीची. मग ओटे आले, आपण उभे राहिलो, गुडघे सुटले (हे चांगलंच झालं). पण विळी गेली तिच्या जागी तोलामोलाचं काही आलंच नाही. आली ती दहा-वीस रुपयांची सुरी. पाटही नाही, फळीही नाही. भाजी हातात धरायची आणि सुरी स्वतःच्या अंगठ्याकडे ओढायची! आईचा डावा अंगठा बघा एकदा. बारीक काळ्या रेघांची जाळी असेल. तीच तिची चॉपिंग बोर्ड.

याच्या दुसऱ्या टोकाला सेटवाले. आत्या, तू हे वाचतेस हे मला माहीत आहे, आणि वास्तुशांतीला तू प्रेमाने दिलंस हेही. पण चौदा सुऱ्यांचं आम्ही करायचं काय? लाकडी ठोकळ्यात खोवलेल्या, दिसायला झकास. त्यातल्या सहा तर स्टेक खायच्या. आमच्या घरात वरणभात खातात गं! अशा स्वस्त सेटांचं गणित सोपं आहे. एका चांगल्या सुरीचे पैसे चौदा पात्यांत वाटले की प्रत्येकीच्या वाट्याला येतो पत्रा. "कधीच धार लावावी लागणार नाही" असं वर छापलेलं असेल तर दुकानातून सरळ बाहेर पडा. बहुतेक वेळा ते बारीक दातेरी पातं असतं, म्हणजे धार लावावी लागणार नाही याचा अर्थ धार लावताच येणार नाही.

मग घ्यायचं काय? दोन सुऱ्या. बस्स. एक सहा ते आठ इंची, मोठ्या पात्याची, आणि एक लहान, सोलायला नि टोमॅटोला. मोठीचं पोलाद मुठीत शेवटपर्यंत गेलेलं असावं, पातं वाकवून बघितलं तर लगेच वाकू नये, आणि मुख्य म्हणजे ज्याला चिरायचंय त्याने ती दुकानात हातात धरून बघावी. (नवऱ्यांनी ऑनलाइन मागवून सरप्राइज देऊ नये.) जपानी सुऱ्यांच्या फार नादी लागू नका. त्यांचं पोलाद कडक, धार अप्रतिम, पण ठिसूळ. आपल्याकडे त्याच सुरीने सुकं खोबरंही कापलं जाणार, की उडाला टवका.

माझी लहान सुरी स्विस आहे, व्हिक्टोरिनॉक्सची, भारीतली म्हणून नव्हे, स्वस्त आणि हलकी म्हणून घेतली. नंतर कळलं की संस्थापक कार्ल एल्सनर यांनी १९०९ साली आई गेल्यावर तिचं नाव, व्हिक्टोरिया, आपल्या मालाला दिलं आणि पुढे १९२१ मध्ये न गंजणाऱ्या पोलादाचं 'इनॉक्स' त्याला जोडलं. एकाने आईच्या नावाने कारखाना चालवला आणि मी आईला "कापते की" म्हणालो.

तेवढेही पैसे नसतील तर रस्त्याच्या कडेला भाता लावून बसलेल्या घिसाडी लोहाराकडे जा. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून तो जे पातं ठोकून देतो ते गंजेल, काळं पडेल, चिंच-लिंबाला लाजेल, पण धार अशी धरेल की ठोकळेवाल्या सेटने तोंड लपवावं. वापरली की धुवायची, पुसायची, तेलाचं बोट फिरवायचं. लोखंडी तव्याला करतोच ना आपण?

आणि खरे पैसे धारेवर घाला. माझ्या दगडाला साडेतीनशे पडले, दोन्ही बाजूंनी वापरायचा, एक खरखरीत, एक मऊ. पाण्यात भिजवायचा, सुरी काटकोनात उभी धरायची, अर्ध्यावर आणायची, पुन्हा अर्ध्यावर, आणि त्याहून किंचित खाली. झाला साधारण वीस अंशांचा कोन. तो न हलवता घासत राहायचं. पलीकडच्या बाजूला बोटाला बारीक कड जाणवायला लागली की सुरी उलटायची. पहिल्या वेळी मला तास लागला आणि सुरी होती त्याहून वाईट झाली! तिसऱ्या वेळी जमलं. दगड नसेल तर कपाच्या बुडाची बिनचकाकीची कड असते, तिच्यावर चार हात फिरवा, तेवढ्यापुरतं भागतं. दगड पाहिल्यावर आई म्हणाली, आमची आजी कडप्प्यावरच लावायची, तू काय नवीन शोध लावलास?

आणि काचेचे चॉपिंग बोर्ड काढून टाका. काचेवर सुरी चालवणं म्हणजे रोज थोडी थोडी धार मारणं. साधी लाकडी फळी घ्या.

सध्या आमच्याकडे परिस्थिती अशी की पाहुणे स्वयंपाकघरात मदतीला आले की आई मोठी सुरी पटकन फडताळात ठेवते आणि त्यांना आत्याच्या सेटमधली देते. "माझी बिघडवतील," म्हणते. माझी!

मित्राला काल फोन केला, अजून सुरी घेतलेली नाही. म्हणून त्याला आणि वाचणाऱ्या सगळ्या नातेवाईकांना सांगतो, रविवारी सकाळी आपापल्या बोथट सुऱ्या घेऊन या. दगड भिजत घालून ठेवतो. चहा मी करीन. आत्या, तू पण ये, तुझ्या चौदांपैकी आठ तरी वाचवता येतील असं वाटतं.