बैलाचा खांदा पाहतो, गाडीची ओढ पाहा



कोल्हापूरचे उद्यमनगर म्हणजे इंजिनाच्या कामात मुरलेल्या कारागिरांची वस्ती. अशा ठिकाणी पिकअप नेली की कुणीतरी सांगतेच, "कॅमशाफ्ट बदला, गाडी उडेल!" पण उडून जायचे कुठे? आपल्याला ज्वारीची पोती, कापसाची गाठोडी घेऊन शेतवाटेचा चढ चढायचा आहे.

व्हॉल्व्ह कधी, किती आणि किती वेळ उघडायचा हे कॅमशाफ्ट ठरवतो. शर्यतीच्या गाडीचा कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवतो. त्याने ताकद वाढते, पण इंजिन जोरात फिरतानाच. हळू फिरताना ओढ उलट कमी होते. आणि भरल्या गाडीला गरज असते नेमकी तिचीच. टॉर्क कन्व्हर्टर तेलाच्या जोरावर सुरुवातीची ओढ वाढवतो खरा, पण तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा सोबती. आपल्या बहुतेक पिकअपना क्लच प्लेट असते. तिथे तो बसवायचा तर गिअरबॉक्सच बदलावा लागेल.

शिवाय नोंदणीतील मूळ तपशिलाशी न जुळणारे फेरफार करायला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ची मनाई आहे. उद्या अपघात झाला तर विम्याचा दावा तिथेच अडू शकतो.

तेव्हा पैसा आधी क्लच, ब्रेक, टायर आणि इंजेक्टरवर घाला. बोजा मर्यादेत भरा. जो खर्च क्विंटलमागे वसूल होत नाही, ती हौस. आणि हौसेसाठी कर्ज काढू नका. बैल घेताना आपण नुसती धाव पाहत नाही, खांदा पाहतो. गाडीलाही तोच न्याय लावा.