सैतानाचा वकील परत आणा

टेस्टरला घरी बसवलं की रिलीज झटपट होतं. व्हॅटिकनने १९८३ साली नेमकं तेच केलं. संतपदाच्या उमेदवाराविरुद्ध बोलणारा 'सैतानाचा वकील' पोप दुसरे जॉन पॉल यांनी जवळजवळ मोडीत काढला. मग त्यांनी ४८२ संत जाहीर केले. (होय, ४८२!) ते स्वतः २००५ मध्ये वारले; पाच वर्षं थांबायची अट माफ, २०१४ मध्ये संत.

आणि २०२० मध्ये व्हॅटिकनचाच अहवाल आला: मॅककॅरिकबद्दल लेखी इशारा मिळूनही याच पोपनी त्याला २००० साली वॉशिंग्टनचा आर्चबिशप नेमलं. त्या मॅककॅरिकला २०१९ मध्ये लैंगिक अत्याचारांसाठी पाद्रीपदावरून हाकललं होतं.

"श्रद्धेत वकील कशाला?" म्हणे. मग संतपद देताना त्या पीडितांच्या वतीने अडवून प्रश्न विचारणं कोणाचं काम होतं?