काठीचे माप

म्हैसूरच्या कुक्करहळ्ळी तलावाच्या बांधावर प्रातःकाळी फिरावयास येणाऱ्या वृद्धांकडे पाहत असता एक गोष्ट मनास वारंवार खटकते, ती ही की, चष्म्याचा नंबर नियमाने तपासून घेणारा गृहस्थ हातातली काठी मात्र वडिलार्जित म्हणून, अथवा तिच्या मुठीवरील नक्षी मनात भरली म्हणून, मापाचा विचार न करता वापरीत असतो. शिसवी लाकडावरील जडावाच्या कामाबद्दल या नगरीची कीर्ती आहे आणि सुंदर वस्तूचा मोह स्वाभाविकच. तथापि जिच्यावर देहाचा भार टाकावयाचा, तिची पारख मनगटाने करावी.

आमच्या आत्याबाईंचा उजवा खांदा सायंकाळी ठणकत असे. काठी चार बोटे उंच होती, इतकेच त्याचे कारण. करवतीने तेवढी कापून खाली नवे रबरी बूट बसविले, तेव्हा कानाशी गेलेला खांदा जागेवर आला.

नेहमीच्या वहाणा घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावेत. मूठ मनगटाच्या घडीशी आली म्हणजे माप बरोबर, कारण ती धरताच कोपर किंचित वाकते. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरून त्या पायाबरोबरच पुढे टाकावी, म्हणजे खुब्याच्या स्नायूंवरील ताण हलका होतो. दोड्डदेवराज वडेयरांच्या काळी, सतराव्या शतकात, चामुंडी टेकडीवर बांधलेल्या सुमारे 1000 पायऱ्या असोत की घराच्या तीन, कायदा एकच: चढताना चांगला पाय आधी, मग दुखरा पाय व काठी, उतरताना काठी व दुखरा पाय आधी, आणि कठडा असेल तर दुसरा हात त्यावर.

काठी घेण्यात कमीपणा मानून भिंती धरीत चालणाऱ्यांनी 1930 ची दांडीयात्रा स्मरावी. साठी गाठलेल्या गांधीजींच्या हातातली ती काठी साताऱ्यात जन्मलेल्या काका कालेलकरांनी दिलेली होती, आणि तिने त्यांच्या तेजास उणेपणा आला नाही.

काठीचे माप ज्याच्या त्याच्या मनगटाशीच जुळवावे लागते, म्हणून मुलांनी ती परस्पर आणून देऊ नये. वडीलधाऱ्यांना बरोबर न्यावे, तोल जात असल्यास वैद्यकीय सल्ल्याने चौपायी काठीची तजवीज करावी, आणि आज सायंकाळीच घरातील काठी उलटी करून तिच्या रबरी बुटाची झीज पाहावी. ओल्या फरशीवर सारी भिस्त त्या दोन बोटे रुंद रबरावर असते.