मैलांचे मोल आणि निष्ठेची किंमत

कोल्हापूरचा फाउंड्रीमालक, नाशिकचा द्राक्ष निर्यातदार किंवा पुण्यातील एखाद्या लहान सल्लागार संस्थेचा भागीदार वर्षाकाठी पाच-सहा वेळा दिल्ली, बंगळूर वा चेन्नईला जातो आणि दोन वर्षांतून एखादा फेरा दुबई किंवा सिंगापूरचा करतो. तिकीट काढताना त्याच्यापुढे एक प्रश्न हटकून येतो : आमच्या योजनेचे सभासद आहात काय? नसल्यास व्हा, पॉइंट मिळवा आणि फुकट उडा! २०२४ मध्ये हे आमंत्रण अधिक आग्रही झाले. वर्षानुवर्षे अशा योजनेपासून दूर राहिलेल्या इंडिगोने ‘ब्लूचिप’ आणली, तर विस्ताराच्या विलीनीकरणाबरोबर एअर इंडियाच्या जुन्या ‘फ्लाइंग रिटर्न्स’चे ‘महाराजा क्लब’ असे नामांतर झाले. वर्षभर विमानातच राहणाऱ्या बड्या अधिकाऱ्याला यातून काय मिळते, हे उघड आहे. अधूनमधून प्रवास करणाऱ्या व्यावसायिकाच्या पदरात नेमके काय पडते, हा खरा प्रश्न आहे.

या योजनांचा जन्म अमेरिकेतला. तेथे १९७८ मध्ये विमान वाहतुकीवरील सरकारी नियंत्रणे उठली, भाडेयुद्ध सुरू झाले आणि ग्राहक टिकवण्याची विवंचना कंपन्यांना भेडसावू लागली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘अ‍ॅडव्हान्टेज’ योजना सुरू केली. त्यामागचा व्यापारी विचार सरळ होता. उड्डाणाच्या वेळी रिकामे राहिलेले आसन नाशवंत मालासारखे असते. ते जुन्या ग्राहकाला बक्षीस म्हणून दिले तर कंपनीचा खर्च नगण्य आणि ग्राहकाचे समाधान मात्र मोठे. जितके मैल उडाल तितके मैल खात्यात, असा तो साधा हिशेब होता.

तो हिशेब आता बदलला आहे. डेल्टा व युनायटेड यांनी २०१५ मध्ये आणि अमेरिकन एअरलाइन्सने २०१६ मध्ये अंतराऐवजी तिकिटावर खर्च केलेल्या रकमेवर मैल देण्यास प्रारंभ केला. एअर इंडियानेही एप्रिल २०२४ पासून तीच वाट धरली. महिनाभर आधी स्वस्त तिकीट काढणाऱ्या काटकसरी उद्योजकाला त्यामुळे कमी पॉइंट मिळतात आणि आदल्या दिवशी चढ्या दराने तिकीट घेणाऱ्याला जास्त. योजनेचा कल पैसे मोजणाऱ्याकडे आहे, वारंवार येणाऱ्याकडे नव्हे.

आकडेमोड करून पाहिल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. समजा, एखादा व्यावसायिक वर्षात सहा वेळा जाऊन-येऊन प्रवास करतो आणि एका बाजूचे मूळ भाडे सरासरी सहा हजार रुपये पडते. बारा उड्डाणांचा खर्च झाला ७२ हजार रुपये. शंभर रुपयांमागे सहा पॉइंट मिळतात आणि एका पॉइंटचे मोल तीस पैसे आहे असे धरले, तर वर्षाअखेरीस हाती येतात ४,३२० पॉइंट, म्हणजे सुमारे तेराशे रुपये. हीच निष्ठा पाळण्यासाठी त्याने वर्षात तीनदा पाचशे रुपये महाग तिकीट घेतले, तर ती कमाई संपून वर दोनशे रुपये खिशातून गेले. गैरसोयीच्या वेळेचे विमान पकडल्यामुळे वाया गेलेला अर्धा दिवस तर यात धरलेलाच नाही. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच.

याच ७२ हजारांवर इकॉनॉमी वर्गाच्या पाच टक्के दराने ३,६०० रुपये जीएसटी भरला जातो. प्रवास व्यवसायासाठी असेल आणि तिकीट काढताना संस्थेचा जीएसटी क्रमांक नोंदवला असेल, तर नियमित करदात्याला या रकमेचे इनपुट क्रेडिट घेता येते. पॉइंटच्या जवळजवळ तिप्पट असलेली ही रक्कम अनेक लहान उद्योजक निव्वळ घाईपायी सोडून देतात. लघु व मध्यम उद्योगांसाठी असलेल्या खास भाड्यांचेही तेच. बैठक पुढे ढकलली गेली की तिकीट बदलावे लागते. तेथे वाचणारे शुल्क वर्षभराच्या पॉइंटना सहज मागे टाकते.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. पॉइंट हे विमान कंपनीने काढलेले खासगी चलन आहे. नोटा छापणारा आणि त्यांचे मोल ठरवणारा येथे एकच असतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरची विमाने जमिनीवर आली आणि ‘किंग क्लब’मधील मैल मातीमोल झाले. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली, तेव्हा ‘जेट प्रिव्हिलेज’ ही योजना एका स्वतंत्र कंपनीकडे असल्यामुळे तगली व पुढे ‘इंटरमाइल्स’ या नावाने चालली. मात्र ज्या विमानांसाठी सभासदांनी मैल साठवले होते, ती विमानेच उरली नव्हती.

कंपन्यांना मात्र या चलनाचे मोल पुरते ठाऊक आहे. क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँकांना पॉइंट विकणे हा त्यांचा भरभक्कम धंदा आहे. करोनाकाळात, २०२० मध्ये, विमाने उभी असताना युनायटेडने आपल्या योजनेच्या तारणावर ६.८ अब्ज डॉलर, तर डेल्टाने ९ अब्ज डॉलर उभे केले. जे विमानांच्या जोरावर मिळणे कठीण झाले होते, ते ग्राहकांच्या निष्ठेवर मिळाले!

मग निवड कशी करावी? पहिली कसोटी मार्गाची. आपल्या गावाहून आपल्याला हव्या त्या शहरी, हव्या त्या वेळी कोणती कंपनी जाते, यावरच निर्णय व्हावा. देशांतर्गत प्रवासच अधिक असेल तर इंडिगोचे जाळे सर्वांत विस्तृत आहे. परदेशवारीही होत असेल तर एअर इंडियाचे खाते अधिक उपयोगी, कारण ही कंपनी जुलै २०१४ पासून ‘स्टार अलायन्स’ या जागतिक गटात आहे आणि लुफ्तान्सा वा सिंगापूर एअरलाइन्सच्या पात्र तिकिटांचे पॉइंट त्याच खात्यात जमा करता येतात. दुसरी कसोटी मुदतीची. सिंगापूरच्या ‘क्रिसफ्लायर’चे मैल साधारणतः तीन वर्षांत बाद होतात. दोन वर्षांतून एकदा तिकडे जाणाऱ्याचे खाते भरण्याआधीच रिते होऊ लागते. तिसरी कसोटी संयमाची. ‘सिल्व्हर’, ‘गोल्ड’ या श्रेणींच्या मागे लागून डिसेंबरात अनावश्यक फेरी करणे हा शुद्ध तोटा आहे.

याला एक नैतिक पदरही आहे. तिकिटाचे पैसे संस्थेचे आणि पॉइंट प्रवाशाचे, हे कितपत योग्य? जर्मनीत २००२ मध्ये सरकारी दौऱ्यांवर मिळालेले मैल खासगी प्रवासासाठी वापरल्याच्या प्रकरणावरून ग्रेगोर गीझी यांनी बर्लिनमधील मंत्रिपद सोडले. भारतात केंद्र सरकारच्या प्रवासभत्ता नियमांनुसार असे पॉइंट सरकारी प्रवासासाठीच वापरावे लागतात आणि खासगी वापर केल्यास कारवाई होऊ शकते. लहान संस्थांनी निदान एक ओळीचा नियम करून ठेवावा. अन्यथा कर्मचारी संस्थेला स्वस्त पडणारे विमान टाळून स्वतःला पॉइंट देणारे विमान निवडतो आणि त्यात त्याला काही वावगेही वाटत नाही.

या साऱ्यामागे बाजारपेठेचे बदललेले रूप आहे. २०२५ मध्ये देशांतर्गत दर दहा प्रवाशांपैकी सुमारे नऊ इंडिगो व एअर इंडिया या दोन समूहांकडे होते. स्पर्धा भरात असताना योजना ग्राहकाचे मन वळवते. पर्याय दोनच उरल्यावर तीच योजना त्याचे पाय बांधते. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या कामाच्या तासांच्या नव्या नियमांची तयारी अपुरी पडून इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, अन्य कंपन्यांची भाडी भडकली आणि सरकारला त्यांवर तात्पुरती मर्यादा घालावी लागली. विमानतळावर अडकलेल्या प्रवाशाला त्या दिवशी हवे होते ते दुसऱ्या कंपनीचे एक आसन.

सभासदत्व फुकट असते. ते दोन्हीकडे घ्यावे, क्रमांक प्रत्येक तिकिटावर नोंदवावा आणि जमलेले पॉइंट फार काळ न साठवता वापरून टाकावेत. विमान मात्र वेळ, भाडे व मार्ग पाहूनच निवडावे. वर्षाला सहा फेऱ्या करणाऱ्याला एकनिष्ठ राहण्याचे कारण नाही. कंपनीने त्याच्याशी तसा करार केलेलाच नाही.